तीन शब्दांच्या उत्तरासाठी बारा दिवस

परभणीजवळ एका वसतिगृहाचं काम होतं. ड्रॉइंगमध्ये पाया दीड मीटरवर, मुरमात. बाकीचे खड्डे तसेच निघाले. पूर्वेच्या चार खड्ड्यांत मात्र पोकलेन अडीच मीटर खाली गेलं तरी काळीच माती. पावसात फुगणाऱ्या, उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या त्या मातीवर फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा पायाचा ठोकळा, टेकवायचं कसं? तारीख २२ मे.

संध्याकाळीच कन्सल्टंटला आरएफआय, म्हणजे लेखी विचारणा, टाकला: 'पूर्वेकडे काळी माती लागली आहे, काय करावे?' चौथ्या दिवशी फोन केला तर उत्तर, 'आम्हाला वाटलं इन्स्पेक्शनचा आहे.' आपल्याकडे या तीन अक्षरांचे दोन अर्थ. रस्त्याच्या कामावर आरएफआय म्हणजे तपासायला या, ड्रॉइंगवाल्यांसाठी म्हणजे माहिती द्या. माझा कागद तपासणीच्या फाइलीत पडलेला. सातव्या दिवशी उत्तर आलं: 'ड्रॉइंगप्रमाणे करावे.' अहो, ड्रॉइंग लागू होईना म्हणूनच तर विचारलं! पुन्हा पाठवला, तर 'फोटो जोडा'. फोटो जोडले, तर 'कोणता खड्डा?' तोवर रोहिणीचा एक सडाका येऊन गेला, खड्ड्यांत गुडघाभर पाणी. मुकादम रोज सकाळी ऐकवायचा, 'सायेब, मिरग तोंडावर आलाय. गडी पेरणीला गावाकडं गेले की मग बसा हाका मारत.'

अकराव्या रात्री चरफडतच नव्यानं लिहायला बसलो. चार खड्ड्यांचे ग्रिड नंबर, टेप धरून काढलेले फोटो, मुरूम २.८ मीटरवर लागल्याची नोंद. पर्यायही मीच दिले: एक, मुरमापर्यंत खोदून ड्रॉइंगच्या पातळीपर्यंत १:४:८ पीसीसी (सळ्यांविना साधं काँक्रीट) भरणे, दोन, फुटिंग खाली नेऊन कॉलम वाढवणे. विषयातच लिहिलं, 'माहितीसाठी, तपासणीसाठी नव्हे'. शेवटी, '४ जूनपर्यंत उत्तर न आल्यास या चार खड्ड्यांचे काम थांबेल.' दुसऱ्या दिवशी दुपारीच उत्तर: 'पर्याय एक मान्य.' त्यांना विचार करायला नको होता, सही करायची होती!

एका कागदावर एकच प्रश्न. पुढं मी सळ्यांभोवतीच्या रिंगांचं अंतर आणि खिडकीची सिल एकत्र विचारली. सिलचं उत्तर देऊन त्यांनी आरएफआय बंद केला. आणि हो, पाठवण्याआधी ड्रॉइंगची ताजी आवृत्ती बघा. माझ्या एका प्रश्नाचं उत्तर साइट ऑफिसच्या कपाटात गुंडाळून ठेवलेलं होतं, हे सांगायला लाज वाटते. व्हॉट्सअॅपवरचं 'ओके' त्याच दिवशी कागदावर घ्या. जादा पीसीसीच्या बिलावर 'कुणी सांगितलं होतं?' असा शेरा आला, तेव्हा तो तीन शब्दांचा कागदच पुढं केला.