कापराच्या वासाचा खण

इथे इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत परवा शेजारच्या आजोबांच्या शेडमध्ये त्यांचा जुना शेगडा (काम घट्ट पकडून ठेवणारा व्हाइस) दुरुस्त करायला बसलो होतो. अर्ध्या इंची बोल्टवर नट दोन आटे चढला आणि अडकला. आजोबा मोठा पाना शोधू लागले. मी पटकन म्हणालो, "थांबा, जोर लावू नका." हे बोलणं माझं नव्हे, गोव्यातल्या वास्कोच्या काकांचं.

काका बार्ज, म्हणजे सपाट मालवाहू बोटी, आणि वर्कशॉपमधून उरलेला इंजिनिअरिंगचा माल विकायचे. झुवारी नदीतून खनिजाच्या बार्जेस चालत होत्या तेव्हाची गोष्ट. बेअरिंग, व्हॉल्व्ह, आटे पाडायचे टॅप-डाय, कोरे बोल्ट पोत्यांनी यायचे. लोक त्यांना भंगारवाले म्हणायचे, त्याचा मला आजही राग येतो. भंगारवाला वजनावर विकतो, काका मापावर विकायचे. ओझं उचलायच्या कामाला बोल्ट हवा असेल आणि त्याच्या डोक्यावर 8.8 हा ताकदीचा आकडा कोरलेला नसेल, तर गिऱ्हाईक रिकाम्या हाती परत जायचं.

दुकान लहानसं. खरा पसारा चिखलीच्या कौलारू घराच्या पडवीत. पावसाळ्यात लेथच्या बेडला ग्रीस फासून वर जुनं धोतर पांघरलेलं असायचं. हत्यारांच्या प्रत्येक खणात कापराची वडी. आमच्याकडे जूनमध्ये चपलांनाही बुरशी धरते, पण त्यांच्या मायक्रोमीटरवर गंजाचा ठिपका कधी दिसला नाही. शाळा सुटली की मी तिथेच. हातात बेअरिंग ठेवून विचारायचे, "आतलं भोक केवढं रे?" वर 6205 लिहिलेलं. शेवटच्या 05 ला पाचाने गुणायचं, 25 मिलिमीटर. उत्तर बरोबर आलं तरी व्हर्नियर लावून दाखवावं लागे.

2012 मध्ये खाणी बंद झाल्या, बार्जेस नांगरून पडल्या. काही पुढे कापायला गेल्या. त्यातला माल घ्यायला काका गेले नाहीत. चालती बार्ज कापलेली बघवत नाही, एवढंच म्हणाले.

मी निघालो तेव्हा त्यांनी आपला पिच गेज, आटे मोजायच्या दातेरी पट्ट्यांचा जुडगा, माझ्या खिशात घातला. परवा तोच काढला. आजोबांचा बोल्ट व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचा, इंचाला 12 आटे. नट अमेरिकन, 13 आट्यांचा. दिसायला दोन्ही सारखे. डब्यात उलथापालथ करून 12 चा नट सापडला आणि नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत गेला.

घरी येऊन गेज पुसला, खणात ठेवला. कापूर उडून गेला होता, नवी वडी टाकली.