आईची मैत्रीण

लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत आलेल्या आया हा एक वेगळाच समाज आहे, सनीवेल किंवा कुपर्टिनोच्या कुठल्याही पार्कात संध्याकाळी जा, बाबागाडीमागे पंजाबी ड्रेसवर स्पोर्ट्स शूज घातलेल्या आपल्या आया आणि तितक्याच चिनी आज्या. माझ्या आईचं इंग्लिश थँक्यूपाशी संपतं, खालच्या मजल्यावरच्या चिनी आजींचं तर बायपाशीच.

मी एकदा मोजे न घालता पत्रं घ्यायला खाली गेले, या आजींनी माझ्या पायांकडे बोट दाखवून चिनीत जे काही सुनावलं ना! मागून आई शुद्ध मराठीत, "बघा ना, मीपण हेच सांगते!" झालं, जमली गट्टी.

कारण बाळंतिणीचं शास्त्र दोघींचं जवळजवळ एकच. आपला सव्वा महिना, त्यांचा एक. गार पाण्यात हात नको, वारा नको, थंड खाणं नको. आपल्याकडे सुंठ, डिंक, खारीक, तर त्यांच्याकडे आलं आणि वाळवलेली लाल बोरं घालून उकळलेलं गरम पाणी. इथे हॉस्पिटलात डिलिव्हरी झाल्या झाल्या बर्फाचं पाणी देतात, यावर दोघींनी हातवारे करून जो संताप व्यक्त केला तो कुठल्याही भाषेत कळला असता.

मग आईने आळिवाची खीर पाठवली. वाटी परत आली ती बोरं भरून, रिकामं भांडं परत द्यायचं नाही हे त्यांनाही ठाऊक असावं. त्यांच्या नातीला महिना झाला तेव्हा लाल रंगवलेली अंडी आली, त्यांच्यात वाटतात तशी. आई पक्की शाकाहारी, पण मान डोलवून घेतली, नवऱ्याने माझ्या खाल्ली.

गंमत म्हणजे त्यांची लेक आणि मी, दोघी सॉफ्टवेअरवाल्या, दोघींना फाडफाड इंग्लिश, आणि इतकी वर्षं लिफ्टमध्ये फक्त हाय. मुद्दाम नाही हो, वेळच नसतो, किंवा तसं म्हणायचं.

आता आई पुण्यात सगळ्यांना सांगते, "माझ्या मैत्रिणीचा जावई घरात काडी हलवत नाही, गुडघे दुखतात तरी तीच बिचारी उठते रात्री." मी म्हटलं अगं तुला हे कळलं कसं?

"त्यात काय कळायचंय, तिने सांगितलं की!"