पायाच्या ओपीडीतली फरशी

मधुमेहाच्या पेशंटला आम्ही रोज बजावतो, घरातसुद्धा अनवाणी चालू नका. आणि तोच पेशंट ओपीडीत आला की त्याच्या चपला काढायला लावतो. इलाज नाही. १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे तेवढ्या दाबाला वाकणारा नायलॉनचा बारीक तंतू, तळव्याला टेकवून संवेदना बघायची, बोटांच्या बेचक्या उघडून बघायच्या, उभं करून पायाचा ठसा घ्यायचा. यातलं काहीच चप्पल घालून होत नाही. पण मधुमेहाने पाय बधिर होऊन ज्याला तळव्यात टाचणी रुतलेली कळत नाही, त्याला आपण कसल्या फरशीवर उभं करतोय, हा प्रश्न इथे ड्युटी लागल्यापासून माझ्या मनातून जात नव्हता.

याच खोलीत घट्टे तासतात, नखं कापतात. जाड झालेलं नख निपरने तोडलं की तुकडा उडतो आणि कुठे पडला ते दिसत नाही. नखाला बुरशी असेल तर तुकड्यात आणि कातडीच्या भुग्यात ती कित्येक महिने तग धरते. पुढचा पेशंट भेगाळलेली टाच घेऊन त्याच जागी पाय टेकतो. त्यात आमची फरशी जुनी, मोझॅकची. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत ब्लेडचं टोक पडलं तरी नजरेला लागणार नाही.

आधी झाडू बंद केला. कोरडं झाडलं की भुगा हवेत उडतो आणि पुन्हा खाली बसतो. त्याऐवजी प्रत्येक पेशंटनंतर खुर्चीभोवतीचा भाग ओल्या फडक्याने टिपून घ्यायचा आणि ते फडकं धुवायला वेगळं टाकायचं, असं ठरलं. खुर्चीसमोर पाय टेकायला कागदाच्या रोलचा तुकडा अंथरायचा, पेशंट उठला की गुंडाळून टाकायचा. खर्चाचं कारण सांगून रोल नाकारला, तेव्हा मी महिनाभराच्या रोलचा हिशेब आणि चिघळलेल्या एका जखमेच्या ड्रेसिंगचा हिशेब शेजारी-शेजारी लिहून वर पाठवला. रोल आला.

फिनाईलवरून मात्र बराच वाद झाला. वास आला की लोकांना स्वच्छ वाटतं, वास नाही आला तर “आज पुसलं नाही का?” म्हणून विचारतात. पण घाण न काढता वरून वासाचं पाणी फिरवण्यात काय अर्थ? आता तीन बादल्या आहेत. पहिलीत साबणाचं पाणी, दुसरीत साधं, तिसरीत हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरिनचं जंतुनाशक. बाजारात मिळणारं ५ टक्क्यांचं असेल तर २ लिटरमध्ये ८ लिटर पाणी, म्हणजे १ टक्का होतं. ते रोज ताजं करायचं, कारण ऊन आणि उष्णतेने त्याचा जोर उतरतो. मळ असेल तर ते मळावरच खर्ची पडतं, म्हणून साबण आधी. १० मिनिटं फरशी ओली राहू द्यायची, मग साध्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडी करायची. हा शेवटचा भाग अनवाण्या पायासाठी फार महत्त्वाचा. भेगांत क्लोरिनचं पाणी गेलं तर कातडी आणखी बिघडते, आणि ओल्या फरशीवर बधिर पायाचा तोल जातो. हायपोत ॲसिड कधीच मिसळायचं नाही, विषारी वायू होतो, हे मी मावशींना रोज सांगायचे. शेवटी त्याच म्हणाल्या, “सिस्टर, ॲसिडची बाटली मी आता दुसऱ्या कपाटात कुलपात ठेवलीय.” इतकं पक्कं काम मला सुचलं नव्हतं.

टॉर्चची कल्पनाही त्यांचीच. संध्याकाळी दिवे मालवून टॉर्च फरशीलगत आडवा धरायचा. काच, पिन, नखाचा तुकडा, सगळ्यांची सावली पडते. वापरलेली ब्लेड भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात, ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत, हा दवाखान्यातल्या कचऱ्याचा २०१६ पासूनचा नियम आहेच. तरी टॉर्चखाली काही ना काही सापडतं.

सगळ्यात अवघड गेल्या त्या चपला. दवाखान्याच्या पायरीशी चपला काढायची सवय आपल्या हाडात मुरलेली. आमच्या रत्नागिरीत पावसाळ्यात तर लाल चिखल, त्यामुळे आजी-आजोबा बाहेरच चपला ठेवून ओल्या पायांनी लांब व्हरांडा चालत यायचे. एक आजी मला म्हणाल्या, “बाय, डॉक्टरांसमोर चपला घालून कशी येऊ?” मी त्यांना म्हटलं, आजी, तुमचा पाय जपणं हाच डॉक्टरांचा मान. आता दाराशी चपला पुसायला जाड पायपुसणं आहे, चपलांची जागा थेट तपासणीच्या खुर्चीशेजारी आहे, आणि एमसीआरच्या, म्हणजे मधुमेहींसाठीच्या मऊ रबराच्या, चपला पायातच ठेवून या, असं केसपेपर काढतानाच सांगतो. उघडी जखम असेल तर पेशंटला फरशीवर उतरवतच नाही. चाकाच्या खुर्चीतून थेट तपासणीच्या खुर्चीत.

मोझॅकवर एकरंगी, बिनजोडाचं व्हिनाइल टाका, असा अर्ज केलाय. कडा भिंतीवर चढवलेल्या हव्यात, म्हणजे कोपऱ्यात भुगा साचणार नाही. पावसात पोछे वाळत नाहीत, म्हणून जादा पोछ्यांची मागणी त्याच अर्जात जोडली आहे.