एबी फॉर्म, डमी उमेदवार आणि दोन तुताऱ्या

निवडणूक आयोगाने 16 मार्च 2024 रोजी लोकसभेचा कार्यक्रम जाहीर केला, त्याच क्षणी आचारसंहिता लागली आणि वर्तमानपत्रांत रणधुमाळी, बालेकिल्ला, तोफा हे ठेवणीतले शब्द पुन्हा झळकू लागले. या शब्दांचा मला मनापासून कंटाळा आहे. मतदाराला खरोखर कळायला हवेत ते निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या दालनातले शब्द, कारण लढतीचे स्वरूप तिथेच ठरते.

त्यांतला सर्वांत वजनदार शब्द एबी फॉर्म. पक्षाच्या वतीने सही करण्याचा अधिकार कोणाला आहे, हे ‘ए’ नमुन्यात असते, तर अधिकृत उमेदवार आणि त्याचा पर्यायी उमेदवार यांची नावे ‘बी’ नमुन्यात असतात. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत हे कागद पोहोचले नाहीत, तर यादीत नाव जाहीर झालेले असूनही पक्षाचे चिन्ह मिळत नाही. त्यामुळेच तिकीट जाहीर होऊनही एबी फॉर्म हाती पडेपर्यंत कार्यकर्त्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो.

पर्यायी उमेदवाराला सगळे ‘डमी’ म्हणतात आणि छाननी संपली की त्याला विसरतात. अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या रामटेकमध्ये मात्र काँग्रेसच्या रश्मी बर्वे यांचे जातवैधता प्रमाणपत्र रद्द होऊन त्यांचा अर्ज छाननीत बाद झाला आणि पर्यायी म्हणून अर्ज भरलेले त्यांचे पती श्यामकुमार बर्वे अधिकृत उमेदवार झाले व निवडूनही आले. (प्रमाणपत्राबाबतचा तो निर्णय उच्च न्यायालयाने पुढे रद्द केला.) ज्याला आपण नावापुरता समजतो, तोच उद्या आपला खासदार असू शकतो, म्हणून डमीचे नावही मतदाराला ठाऊक असावे, असे मला वाटते.

अनामत रक्कम 25 हजार, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास पराभूत उमेदवाराची ती जप्त होते. हा हिशेब बहुतेकांना माहीत असतो.

माघारीची मुदत संपल्यावर चिन्हवाटप होते, आणि त्या वर्षी खरा घोळ झाला तो इथे. शरद पवारांच्या पक्षाला फेब्रुवारीतच ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह मिळाले होते, तरी काही अपक्षांना दिलेल्या ट्रम्पेट या चिन्हाचे मराठी नावही ‘तुतारी’ असेच छापले गेले. दिंडोरीत या चिन्हावर लढलेल्या, पवारांच्या उमेदवाराचेच आडनाव असलेल्या एका अपक्षाला एक लाखाहून अधिक मते पडली. पवारांचा उमेदवार तिथे निवडून आला, पण त्यामुळे चूक लहान ठरत नाही. आपली तुतारी आणि बँडमधला ट्रम्पेट ही दोन वेगळी वाद्ये आहेत. कोणत्याही पक्षासाठी राखून न ठेवलेल्या मुक्त चिन्हांची मराठी नावे पक्षांच्या चिन्हांशी ताडून मगच आयोगाने ती यादी प्रसिद्ध करायला हवी होती.