आई त्या चित्रापुढे बसली तेव्हा

आज मला एका चित्राचा मत्सर वाटला. रात्रीचे साडेअकरा वाजलेत, अजून जात नाहीये.

आईला घेऊन मुंबईच्या एनजीएमएत, म्हणजे नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये गेलो होतो, रीगल थिएटरसमोरच्या जुन्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये. १९११ची इमारत. एकेकाळी तिथे सभा व्हायच्या, गाण्याचे कार्यक्रम व्हायचे. १९९६पासून चित्रं आहेत. बाहेरून दगडी, भारदस्त, आणि आत गोलाकार जिने चढत चढत थेट घुमटाखाली. आई गुडघे धरून चढली. खाली थांबू या म्हटलं तर ऐकेना.

आणि मग चित्रकार वासुदेव गायतोंड्यांच्या एका पिवळसर, मातकट चित्रापुढच्या बाकावर बसली ती उठेचना.

मी सांगायला लागले. गायतोंडे ब्रश बाजूला ठेवून रोलरनं, पॅलेट नाइफनं रंग लावायचे, वर थर चढवायचे, पुन्हा खरवडायचे. वर्षाला मोजकीच चित्रं करायचे, बाकीचा वेळ नुसता विचार. ‘अमूर्त’ म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही. आणि अगं, गिरगावातच वाढले ते, तुझ्या...

“शू. बघू दे गं मला.”

तिचा चेहरा सैल पडला होता. कपाळावरची ती आठी नव्हती. मार्चपासून हा चेहरा मी पाहिलेला नाही. मार्चपासून मी काय काय केलं! भजनी मंडळाला सोडणं-आणणं, डॉक्टर, रात्रीचं दूध, दादाचे ते फोन मधल्यामध्ये झेलणं (त्याबद्दल आज नको). एवढं करून जे मला जमलं नाही, ते २००१ साली गेलेल्या एका माणसाच्या रंगानं बसल्या जागी केलं. मला तिथंच रडू यायला लागलं. मी जिन्यापाशी जाऊन उभी राहिले.

बाबा असते तर... असो.

गाडीत खिडकी मिळाली तिला. घाटकोपरपर्यंत मी तेच तेच घोळवत होते. त्या चित्रात ना माणूस, ना झाड, ना देव. नुसता प्रकाश, आणि मधूनच वाचता न येणाऱ्या अक्षरांसारख्या खुणा. त्यात असं काय आहे, जे माझ्यात नाही?

मग लक्षात आलं, ते चित्र तिच्याकडे काही मागत नाही. मी मागते. जेवलीस का, झोपलीस का, आज जरा बरं वाटतंय ना. माझ्यासमोर तिला बरं दिसावं लागतं. त्या बाकावर तिला कुणासाठीच काही दिसायचं नव्हतं. लेकीपुढे ते कसं जमणार? मी लेक आहे, मी विचारणारच.

मत्सर अजून आहे. पण दुपारइतका बोचत नाही.

ठाणे गेल्यावर म्हणाली, “पुढच्या वेळी मी एकटी येईन हो. तू रजा नको टाकूस.”

जाऊ दे एकटीला. गुडघ्याचा पट्टा आणि सुटे पैसे तिच्या पिशवीत मी टाकणार, आणि पोचल्यावर एक फोन. एकच.