गेमचं संगीत करणारा गेम डिझाइनकडे वळू शकतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. बडोद्याच्या गायनशाळेत तबला-सतार शिकून पुढे गेमसाठी संगीत करू पाहणारी मुलं हे हमखास विचारतात: संगीतातून दिग्दर्शनाकडे आणि गेम डिझाइनकडे जाता येतं का?

येतं. मासाया मात्सुउरा मुळात बँडमधले संगीतकार. १९९६ साली त्यांनी 'पारप्पा द रॅपर' हा तालावर बटणं दाबायचा गेम घडवला. टोबी फॉक्स 'होमस्टक' या वेबकॉमिकसाठी संगीत करायचे. २०१५चा 'अंडरटेल' हा गेम त्यांनीच लिहिला, गेममेकर या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बांधला आणि त्याला संगीतही दिलं.

संगीतकाराकडे वेळेची जाण आधीच असते, आणि डिझाइनमध्ये तीच सगळ्यात दुर्मीळ. एक प्रसंग घ्या. खेळाडूनं किल्ली उचलली, आता दार उघडायचं आणि संगीत बदलायचं. लय १२० बीपीएम (मिनिटाला १२० मात्रा), म्हणजे मात्रा अर्ध्या सेकंदाची. पडद्यावर सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे चित्रं, धरल्या तर मात्रेला ३० फ्रेम. तीनताल चालू असेल तर आपला जीव समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, अडकतो. पण १६ मात्रांना ८ सेकंद लागतात. किल्ली सम गेल्या-गेल्या उचलली, तर जवळजवळ ८ सेकंद काहीच घडत नाही आणि खेळाडूला वाटतं, बटण लागलंच नाही. तो पुन्हापुन्हा दाबत बसतो. म्हणून किल्लीचा खणखणाट त्याच फ्रेमला, दार पुढच्या मात्रेवर आणि नवी चाल चार मात्रांच्या पुढच्या विभागावर, म्हणजे जास्तीत जास्त २ सेकंदांत. हे तिन्ही वेगळे ठेवावेत असं तुम्हाला सुचलं, तिथे तुम्ही डिझाइनर झालात.

चुका कुठे होतात तेही सांगतो. तणाव वाढला की चालू संगीतावर ढोलाचा थर (वेगळा ट्रॅक) चढवायचा असेल, तर तो थर त्या क्षणी सुरू करू नका. सगळे थर एकदमच सुरू करून आवाज शून्यावर ठेवा, नाहीतर ते एकमेकांपासून सरकतात. पुन्हापुन्हा वाजणारा तुकडा एमपीथ्रीमध्ये देऊ नका, त्यात सुरुवातीला आणि शेवटी शांततेची बारीक फट पडते. ओजीजी किंवा वेव्ह फाइल वापरा. मात्रा फ्रेम मोजून काढू नका, कारण एक फ्रेम अडखळली की ताल सुटतो. वेळ ऑडिओच्याच घड्याळावरून घ्या. आणि तालावर बटण दाबायचं असेल तर ब्लूटूथ हेडफोनवर तपासून पाहाच. त्यात आवाज सहज दीड-दोनशे मिलिसेकंद उशिरा येतो.

प्रोग्रामिंग? सुरुवातीला अट, टायमर आणि एका घटनेनं दुसरी घडवणं एवढं पुरतं. गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे.

खरी अडचण वेगळीच. संगीतकाराला आपली चाल ऐकवायची असते, दिग्दर्शकाला ती कापावी लागते. चांगलं संगीत कंटाळवाणा खेळ झाकून टाकतं, म्हणून पहिला नमुना संगीताशिवाय करा: करड्या चौकोनी ठोकळ्यांची एक खोली, एक किल्ली, एक दार. पाच जणांना खेळायला द्या आणि शेजारी गप्प बसा. कुठे थांबले, कुठे दोनदा दाबलं, तेवढं टिपून घ्या. समजावून सांगायचा मोह आवरत नाही, पण गेमसोबत तुम्ही घरोघरी जाणार नाही.

नवरात्रात बडोद्याच्या गरब्यात ढोलीकडे नीट बघा. हात ढोलावर, नजर मात्र पावलांवर. वर्तुळ रेंगाळलं की तो लय धरून ठेवतो, पावलं रुळली की हळूच चढवतो. नाचणाऱ्यांना ते कळतही नाही. तुमच्या खोलीतला खेळाडू असाच वाचायचा आहे. पाचही जण न विचारता दारातून बाहेर पडले की मग पहिला थर घाला, आणि त्याच खोलीत पुन्हा नवे पाच जण बसवा.