पोटऱ्या सगळ्यांच्याच दुखतात

दोन वर्षांपूर्वी श्रावणात धाकट्या भाऊजींना ताप चढला. आमचं गाव लाखांदूर तालुक्यात, घरची अडीच एकर धानाची बांधी. रोवणा, म्हणजे भातलावणी, आटोपून आठ दिवस झाले होते. डोळे लाल, पोटऱ्यांना हात लावू देईनात. मी आशा वर्कर, तरी मलाही वाटलं, वाकून वाकून भरून आल्या असतील. चौथ्या दिवशी डोळे पिवळे दिसले तेव्हा भंडाऱ्याला नेलं. लेप्टो निघाला, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, जनावरांच्या लघवीतून पसरणाऱ्या जंतूचा ताप. उपचार वेळेत मिळाले, भाऊजी वाचले.

त्याच चिखलात आम्ही आणखी सहा जण होतो. आम्हाला शिंकही आली नाही. डॉक्टर म्हणाले, लागण झालेल्या बहुतेकांना काहीच जाणवत नाही, किंवा दोन दिवस कणकण येऊन जाते. जनावरांचंही तसंच. उंदीर, बैल, डुक्कर, कुत्रा यांच्या मूत्रपिंडात हा जंतू राहतो, लघवीतून बाहेर पडत राहतो, आणि जनावर पाहावं तर धडधाकट. ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात तो कित्येक आठवडे जगतो. जमीन वाळली की मरतो.

आमच्या कोठ्याची, म्हणजे गोठ्याची, नाली थेट बांधीत उतरायची. धुऱ्याला, शेताच्या बांधाला, उंदरांची बिळं. आणि दिवसभर पऱ्हे (धानाची रोपं) खोदणाऱ्या, रोवणाऱ्या बायांच्या बोटांमध्ये चिखल्या! अशा फाटलेल्या कातडीतून तो जंतू आत शिरतो.

आता आषाढ लागला की घरभेटीत मी आधी पाय बघते. चिखल्यांना मेंदी सगळ्याच लावतात, पण जखम उघडी ठेवून पुन्हा बांधीत उतरतात. गमबूट घाला असं मी सांगत नाही. रोवण्याच्या चिखलात ते रुततात, पाय निघतो आणि बूट आतच राहतो. जखम झाका, घरी आल्यावर साबणानं पाय धुऊन कोरडे करा, एवढं सांगते. आणि महिनाभरात ताप आला तर दवाखान्यात पहिलं वाक्य हेच बोला, ‘मी रोवण्याले होतो.’ बहुधा पाच ते चौदा दिवसांत ताप येतो, पण कधी महिनाही लागतो. तोवर चिखल कोणाच्या लक्षात राहत नाही.

‘ताई, रोवण्यात पोटऱ्या कोनाच्या दुखत नाही?’ एकीनं विचारलं. खरंच आहे तिचं. म्हणून तर दुखण्यासोबत ताप आहे का, डोळे लाल आहेत का, हे मी दोनदा विचारते.

कोठ्याची नाली यंदा शेणखताच्या खड्ड्याकडे वळवली. बांधीचं खत जाते म्हणून मामंजी आधी नाराज होते. नंतर कुदळ त्यांनीच घेतली.